कॉलेजची फुटबॉल टीम हातात आलीये? आधी काय मोडायचं नाही ते बघा

दरवर्षी जून उजाडला की कोणाचा तरी मेसेज येतोच, दादा मला स्पोर्ट्स सेक्रेटरी केलंय, फुटबॉलची टीम पार बसलीये, सुरुवात कुठून करू. कधी नवीन लागलेले जिमखान्याचे सर विचारतात. मी नवी मुंबईतल्या एका कॉलेजकडून तीन वर्षं खेळलो आणि पास आउट झाल्यावरही बरीच वर्षं सकाळी त्याच ग्राउंडवर जात राहिलो, त्यामुळे टीम वर असताना पण बघितली आणि खाली जाताना पण. ती ऑफिसात घेतलेल्या तीन-चार निर्णयांनी खाली गेली. निर्णय घेणारी माणसं वाईट नव्हती, त्यांना टीम सुधारायचीच होती, म्हणून तर हे सगळं लिहायला बसलो.

पहिलं काम. पहिला महिना काहीही बदलू नका. कोच नाही, वेळ नाही, जर्सीचा रंगसुद्धा नाही. एक दोनशे पानी वही घ्या, सकाळी साडेपाच-पावणेसहाला ग्राउंडच्या कडेला जाऊन बसा आणि फक्त लिहा. किती पोरं आली, त्यात फर्स्ट इयरची किती, कोण कुठल्या स्टेशनवरून येतो, प्रॅक्टिसचे प्लास्टिकचे कोन कोण लावतं, बॉलमध्ये हवा कोण भरतं, लागलं तर बर्फ कुठून येतो, प्रॅक्टिस संपल्यावर कोण कोणाबरोबर चहाला जातं. हे फालतू वाटेल, पण टीम याच्यावरच उभी असते आणि याची नोंद कॉलेजच्या एकाही फाइलमध्ये नसते.

आमचंच सांगतो. आमचे जुने कोच मानधनावर होते, मानधन म्हणजे येण्याजाण्याचा खर्च निघेल इतकंच. ते रविवारी घरी नसायचे. शाळांच्या स्पर्धा जिथे असतील तिथे, नेरूळ, कोपरखैरणे, ऐरोली, कधी ठाण्याला, बाउंड्रीला उभे. दहावी-बारावीचा चांगला पोरगा दिसला की त्याच्या आईवडिलांशी बोलायचे, तुमच्या मुलाला कॉमर्स घ्यायचंय ना, आमच्याकडे फॉर्म भरा, सकाळी प्रॅक्टिस करून लेक्चरला वेळेत बसवतो, जबाबदारी माझी. कॉलेजची सगळी भरती ही एवढीच होती, एका माणसाचे रविवार. मग एका वर्षी आम्ही क्वार्टर फायनलला हरलो, त्याच सुमारास वर नवीन माणूस आला, त्यांना वाटलं टीम अडकलीये, प्रोफेशनल सेटअप पाहिजे. जुलैत कोच बदलले. नवे कोच कोचिंगचं लायसन्स असलेले होते, खेळाचं ज्ञान खरंच जास्त होतं, माणूसही चांगला, पण त्यांना शाळेतला एकही पोरगा माहीत नव्हता आणि ते काम आपलं आहे हे त्यांना कोणी सांगितलंही नव्हतं. पहिल्या वर्षी फरक दिसलाच नाही कारण सेकंड आणि थर्ड इयरची पोरं जुनीच होती, उलट सगळे म्हणाले बघा बदल केला ते बरं झालं. तिसऱ्या वर्षी मॅचला सोळा जणांची यादी भरताना दोन नावं क्रिकेटच्या टीममधून उसनी घ्यावी लागली.

म्हणून वहीत सगळ्यात महत्त्वाचा आकडा फर्स्ट इयरच्या पोरांचा. निकाल दोन-तीन वर्षं उशिरा बोलतो. आज जिंकताय ते तीन वर्षांपूर्वीच्या ॲडमिशनच्या जोरावर, आणि आज जे मोडाल त्याचं बिल तुम्ही पास आउट झाल्यावर दुसऱ्या कोणाच्या तरी हातात पडेल. गोलकीपर मोजा. एकच कीपर असेल आणि तो थर्ड इयरला असेल तर पुढच्या वर्षीचं संकट आत्ताच समोर उभं आहे.

आता एक अमेरिकेची गोष्ट सांगतो, जरा लांब आहे पण ऐका. तिकडचं कॉलेज फुटबॉल म्हणजे खेळच वेगळा, अंडाकृती बॉलचा, पण वरच्या माणसाच्या निर्णयाने टीम कशी घसरते हे बघायला नेब्रास्का युनिव्हर्सिटीइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. नेब्रास्का म्हणजे सुमारे वीस लाख वस्तीचं राज्य, आपल्या ठाणे आणि नवी मुंबईची मिळून लोकसंख्या त्याहून जास्त भरेल. तरी या टीमने १९७०, १९७१, १९९४, १९९५ आणि १९९७ अशी पाच नॅशनल टायटल घेतली. १९६२ पासून त्यांच्या स्टेडियमची प्रत्येक होम मॅच हाउसफुल. टॉम ऑस्बॉर्न नावाचे कोच १९७३ ते १९९७ अशी पंचवीस वर्षं होते आणि २५५ मॅच जिंकले. इतक्या छोट्या राज्यात प्लेयर आणायचे कुठून? तर स्कॉलरशिप नसलेली, गावाकडची पोरं स्वतःच्या खर्चाने येऊन टीममध्ये घुसायची, त्यांना तिकडे वॉक-ऑन म्हणतात, आणि अशा पोरांची मोठी फौज वर्षानुवर्षं तयार करायची ही ऑस्बॉर्नची पद्धत होती.

ऑस्बॉर्ननंतर त्यांचेच असिस्टंट फ्रँक सोलिच आले. २००१ च्या सीझनला टायटलच्या मॅचपर्यंत गेले, २००२ ला सात जिंकले सात हरले, सगळीकडे बोंब झाली, त्यांनी असिस्टंट कोच बदलले, २००३ ला नऊ जिंकले तीन हरले. म्हणजे गाडी पुन्हा वर चालली होती. आणि तेव्हाच त्यांना काढलं. काढणारे स्टीव्ह पेडरसन, म्हणजे युनिव्हर्सिटीचे ॲथलेटिक डायरेक्टर, आपल्याकडच्या भाषेत जिमखान्याचे सर्वेसर्वा. हा माणूस नेब्रास्काचाच होता, टीमवर प्रेम होतं, टीम सामान्य होऊ देणार नाही हीच त्यांची भूमिका होती. पण पुढचा कोच तयार नव्हता. शोधायला जवळपास सहा आठवडे गेले, तेही ऐन प्लेयर भरतीच्या दिवसांत. शेवटी प्रोफेशनल लीगमधून बिल कॅलहन आले, त्यांनी खेळायची पद्धतच बदलली, पळत खेळणारी टीम पास करत खेळायला लावली, आणि वॉक-ऑनची फौज कमी केली. २००४ ला पाच जिंकले, सहा हरले, १९६१ नंतर पहिल्यांदा जिंकण्यापेक्षा हरणं जास्त. २००७ ला कॅन्सस युनिव्हर्सिटीने त्यांच्यावर ७६ पॉइंट ठोकले. त्याच सीझनमध्ये पेडरसनना काढलं आणि ऑस्बॉर्नना परत बोलावून त्यांच्या खुर्चीवर बसवलं.

बरं, मग शिकले का? पुढचे कोच बो पेलिनी, सात सीझन, एकाही सीझनला नऊपेक्षा कमी विजय नाहीत, २०१४ ला त्यांनाही काढलं. त्यानंतरच्या कोचने तीन वर्षांत १९ जिंकले १९ हरले. मग १९९७ च्या टायटल टीमचाच क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य प्लेयर, स्कॉट फ्रॉस्टला आणलं, घरचा पोरगा, सगळं राज्य खूश, आणि त्याचा हिशोब १६ विजय, ३१ पराभव. २०२१ ला तर नऊ मॅच हरले आणि नऊच्या नऊ दहापेक्षा कमी पॉइंटने. सगळं खापर एका निर्णयावर फोडता येत नाही, तिकडे मधल्या काळात लीगही बदलली, तरी एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. नऊ विजय कमी वाटले म्हणून जी साखळी तोडली, ती नंतर चार कोच बदलून पण जोडता आली नाही.

आपल्याकडे पैसा नाही, टीव्ही नाही, पण साखळी तशीच असते आणि तशीच तुटते.

तर कोच बदलायचाच असेल तर कसा बदलायचा. कधीकधी बदलावाच लागतो, कोच येतच नसेल, पोरांना शिव्या देत असेल, पैसे घेऊन सिलेक्शन करत असेल तर एक दिवस थांबू नका. पण नुसतं हरलो म्हणून बदलत असाल तर आधी त्यांच्यासोबत दोन तास बसा आणि विचारा, सर तुम्ही पोरं आणता कुठून, कुठल्या शाळेतले कोच तुम्हाला फोन करतात, ग्राउंडचा स्लॉट कोणाशी बोलून मिळतो, कुठल्या पोराच्या घरी काय अडचण आहे. हे सगळं वहीत उतरवा. आणि बदल सीझन संपल्यावर करा, जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे नवीन माणसाला शाळांच्या स्पर्धा बघायला आणि ॲडमिशनच्या आधी आईवडिलांशी बोलायला वेळ मिळतो. जुलैत बदललात तर एक अख्खी बॅच गेली समजा. नवा माणूस पक्का झाल्याशिवाय जुन्याला हात लावू नका. आणि कॅप्टनला ही बातमी नोटिस बोर्डवरून कळता कामा नये, आमच्या कॅप्टनला तशीच कळली होती आणि त्याच्या चेहऱ्यावरचं ते अजून आठवतं मला.

जुना स्टार आणायचा मोह होतो ना, आपल्याच कॉलेजचा अमुक जो पुढे मोठ्या क्लबला खेळला, त्याला कोच करू. आणा की, पण पहिल्या वर्षी असिस्टंट म्हणून आणा. चांगलं खेळता येणं आणि वीस पोरांना महिनोन्महिने सकाळी उठवता येणं ही दोन वेगळी कामं आहेत. 

ग्राउंड. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण नवी मुंबईत सगळ्यात जास्त टीम याच्यावरून बसताना बघितल्यात. झालंय असं की आता प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे नवी मुंबईच्या प्रत्येक उपनगरात, टर्फ आहे, म्हणजे जाळी लावलेला नकली गवताचा छोटा बॉक्स, लाइट आहेत, चिखल नाही, फोटो मस्त येतात, म्हणून मॅनेजमेंटला वाटतं मैदानाच्या परवानगीच्या भानगडीत कशाला पडा, टर्फ बुक करून टाकू. फुटबॉलच्या नियमाप्रमाणे अकरा जणांचं ग्राउंड कमीत कमी ९० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद असतं, आणि टर्फचा बॉक्स त्याच्यापेक्षा कितीतरी लहान. तिथे ऑफसाइड नाही, लांब पास नाही, कॉर्नरला हेडर नाही, बॉल जाळीला लागून परत येतो. वर्षभर टर्फवर खेळलेला डिफेंडर पावसातल्या खऱ्या ग्राउंडवर गेला की त्याला स्वतःची लाइन कुठे आहे तेच कळत नाही, आणि बॉल चिखलात थांबतो हे तर पहिल्या मॅचलाच समजतं. टर्फ ठेवा, आठवड्यातून एक दिवस, पायाच्या कामासाठी चांगलंच आहे. पण मैदानावरचा सकाळचा स्लॉट सोडू नका, एकदा सोडलात की तिथे दुसरं कोणीतरी येतं आणि तो परत मिळत नाही. स्वतःचं ग्राउंड नसेल तर पालिकेचं किंवा सिडकोचं जे जवळ असेल त्याच्या परवानगीचं पत्र एप्रिल-मेमध्येच टाका, कॉलेजच्या लेटरहेडवर, प्रिन्सिपलच्या सहीने, वार आणि वेळ स्पष्ट लिहून, आणि पोचपावती घ्या. दिवाळीनंतर टेनिस क्रिकेटच्या टुर्नामेंट सुरू झाल्या की तोंडी परवानगीला कोणी विचारत नाही.

पैशाचं थोडक्यात. नवीन जर्सी सगळ्यात शेवटी. आधी बॉल, दोन पोरांमागे एक तरी पाहिजे, मग बिब, म्हणजे प्रॅक्टिसला दोन बाजू ओळखायला वरून घालायचे रंगीत बनियन, फर्स्ट एड, मॅचच्या दिवशीचं भाडं, आणि प्रॅक्टिसनंतर केळी आणि उकडलेली अंडी. शेवटचं लोकांना किरकोळ वाटतं. सकाळी पावणेपाचला घरातून निघालेला पोरगा रिकाम्या पोटी पळून लेक्चरला बसतो, झोपतो, मॅडम ओरडतात, घरी फोन जातो, आणि महिन्याभरात घरचे खेळ बंद करतात. अशी गेलेली पोरं मी मोजलीयेत, दुखापतीने गेलेल्यांपेक्षा जास्त आहेत.

तीच गोष्ट अटेंडन्सची. ७५ टक्क्यांची अट आहे आणि ती असायलाच हवी, पण मॅचच्या दिवसाचं पत्र आधी गेलं तर बहुतेक टीचर समजून घेतात. नंतर पत्र नेलं की मग ते भीक मागितल्यासारखं होतं. सेक्रेटरीने सीझन सुरू व्हायच्या आधी प्रत्येक डिपार्टमेंटच्या एचओडींना भेटून यादी द्यावी, त्यांच्या समोर बसून बोलावं, मॅडम ही आमची पोरं, यातलं कोणी मॅच नसताना लेक्चर बुडवलं तर मला फोन करा. आणि फोन आला तर त्या पोराला खरंच पुढच्या मॅचला बसवा, स्टार स्ट्रायकर असला तरी.

आता एक नाजूक विषय. टीम बसली की कोणीतरी शॉर्टकट सुचवतं, अमुक क्लबचा पोरगा आहे, नावाला ॲडमिशन दाखवू, एखाद्याचं वय जास्त आहे ते बघून घेऊ. नाही म्हणा, त्याच क्षणी. टेक्सासमधल्या सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीत प्लेयरना चोरून पैसे दिले जायचे, पकडले गेले, शिक्षा झाली, तरी वरच्या लोकांनी पैसे देणं चालू ठेवलं, आणि हे माहीत असलेल्यांत पुढे राज्याचे गव्हर्नर झालेले बिल क्लेमेंट्स पण होते, त्यांनी स्वतः ते कबूल केलं. १९८७ चा त्यांचा अख्खा सीझन रद्द झाला, १९८८ ला पण टीम उतरली नाही, आणि १९८९ ला परत आल्यावर पुढच्या वीस वर्षांत एकच सीझन असा गेला की ज्यात हरण्यापेक्षा जिंकणं जास्त होतं. आपल्याकडे एका खोट्या नावापायी टीम बाद झाली तर बाकीच्या पंधरा पोरांचं वर्ष जातं, आणि डिग्रीची वर्षं असतात किती, तीन-चार. एलिजिबिलिटीचे फॉर्म स्वतः तपासा, मार्कशीट समोर ठेवून.

वरच्यांशी बोलायचं कसं हा प्रश्न सगळेच विचारतात. रागाने जाऊ नका, घोळक्याने तर अजिबात नाही. एक पान न्या. वरच्या अर्ध्या पानात गेल्या तीन वर्षांचे आकडे, फर्स्ट इयरची किती पोरं आली, किती टिकली, आठवड्याला किती सकाळी मैदान मिळालं. खालच्या अर्ध्यात फक्त दोन मागण्या. प्रिन्सिपल सरांना फुटबॉल कळत नसेल, आकडे कळतात. त्यांना हे पण सरळ सांगा की दोन वर्षं ट्रॉफी येणार नाही, पहिल्या वर्षी यादी पूर्ण भरायची आहे, दुसऱ्या वर्षी दोन राउंड पुढे जायचंय. ट्रॉफी कबूल करून आलात तर पुढच्या डिसेंबरमध्ये तुमच्याच जागी दुसरा माणूस बसेल आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मुलींच्या टीमबद्दल. २०२२ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाली, स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवलं, त्याच वर्षी फेब्रुवारीत महिलांच्या आशियाई कपची फायनल पण तिथेच, चीनने कोरियाला ३-२ ने. स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. आणि आपल्याच भागातल्या कॉलेजांत मुलींच्या टीमसाठी मुली मिळत नाहीत म्हणून कागद बंद होतो, हे मला मनापासून लागतं. मुली मिळत नाहीत कारण सकाळी सहाची वेळ, कपडे बदलायला खोली नाही, आणि एकही मॅडम ग्राउंडवर नाही. वेळ साडेसात करा, खोलीची चावी सेक्रेटरीकडे द्या, एका मॅडमना विनंती करा, आणि मग बघा किती येतात.

शेवटचं काम जूनचं. ॲडमिशन चालू असताना नोटिस बोर्डवर ट्रायलचा कागद लावून मोकळे होऊ नका, गेटच्या आत एक टेबल टाका आणि दोन सिनियर बसवा, आळीपाळीने, सगळे दिवस. आपल्याच ज्युनियर कॉलेजची बारावी पास झालेली पोरं आधी गाठा, शाळेकडून सुब्रतो कपला, म्हणजे शाळांच्या देशपातळीवरच्या फुटबॉल स्पर्धेला, किंवा डीएसओच्या, म्हणजे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या स्पर्धांना खेळलेलं कोण आहे ते विचारा. वहीत चार रकाने आखा, नाव, शाळा, पोझिशन आणि स्टेशन. स्टेशन विसरू नका. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने पहाटे एकटा येणारा पोरगा पंधरा दिवसांत गळतो, म्हणून त्याच मार्गावरचा, ऐरोलीचा नाहीतर रबाळ्याचा एखादा सेकंड इयरचा शोधा, दोघांचे नंबर एकमेकांना द्या आणि सिनियरला सांगून ठेवा की उद्या ट्रेनमध्ये हा दिसला नाही तर तूच फोन करायचा.